घारीने नेलेला घास



हिवाळा सुरू झाला की आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर घराघरांतून सहली निघतात. श्रीवर्धन असो, मुरूड असो, हर्णे असो वा गुहागर, सुरूच्या बनात चटया अंथरल्या जातात, तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली मासळी आणि पुलावाची पातेली उघडली जातात. अन्नाचा दरवळ सुटतो न सुटतो तोच आकाशात दोन-चार घारी घिरट्या घालू लागतात. कावळे तर त्यांच्याही आधी येऊन बसलेले असतात. मग घास तोंडाशी पोहोचण्यापूर्वी पाठीमागून पंखांचा झपाटा येतो आणि हात रिकामा होतो. मुले ओरडतात, मोठी माणसे हसतात किंवा चिडतात आणि साऱ्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो : चोर!

हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! परंतु मुखातून निघालेला प्रत्येक शब्द टिपून घेणारा जवळच सज्ज असतो, असे ज्या कुरआनने सांगितले (५०:१८), तो मानणाऱ्यांनी या शब्दापाशीही क्षणभर थांबावयास हवे. घार खरोखर चोर असते काय? आणि नसेल, तर त्या रिकाम्या हाताचा जाब कोणाला विचारावयाचा? प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. मलाही तो तसाच वाटत होता. गेल्या हिवाळ्यात त्याच्यापायी माझ्या हातून एका निरपराध मुलावर अन्याय घडला आणि तेव्हापासून तो मला क्षुल्लक वाटेनासा झाला.

आमच्या मकतबच्या मुलांची सहल घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो. चाळीसएक मुले, तीन उस्ताद आणि मदतीला काही पालक. तळलेल्या सुरमईच्या तुकड्या मी स्वतः मोजून परातीत ठेवल्या होत्या, प्रत्येकाला एक. जुहरची जमाअत उभी राहिली तेव्हा परातीजवळ राखणीला एका मुलाला बसविले. त्याने आपली नमाज नंतर अदा करावी असे ठरले. बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा. वडिलांचे छत्र हरपलेले, आई शिवणकाम करून घर चालविते. नमाज संपवून मी परात पाहिली, तो पाच तुकड्या कमी भरल्या.

मी त्याला बाजूला घेतले आणि अगदी मृदू आवाजात विचारले, "खरे सांग बेटा, भूक लागली होती का?" तो म्हणाला, "मौलाना, मी नाही घेतल्या. मी पाण्याची कळशी आणायला गेलो होतो." मी म्हणालो, "अल्लाह पाहतो आहे, बेटा." तेवढ्यात दुसऱ्या उस्तादांनी त्याची पिशवी उघडून पाहिली. पिशवीत टॉवेल आणि एक टोपी होती. सारी मुले पाहत होती.

जेवण सुरू झाले आणि दहा मिनिटेही लोटली नसतील, तोच एका लहानग्याच्या हातातली तुकडी घारीने उचलली. आम्ही सावरतो न सावरतो तोच दुसरी घार सरळ परातीवर उतरून गेली. आता सर्वांनाच सर्व काही समजले. त्या मुलाने माझ्याकडे एकवार पाहिले. तो काही बोलला नाही. त्याच्या पानातली सुरमई तशीच राहिली.

वाचकहो, त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा विचार करीत आहे. तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम पक्ष्याची बाजू पाहू. फिकहच्या ग्रंथांत चोरी हा शब्द मोघम वापरलेला नाही. चोरी ठरण्यासाठी चोर सज्ञान आणि समंजस असावा लागतो. वस्तू त्याने लपूनछपून घेतलेली असावी लागते आणि ती 'हिर्ज'मधून, म्हणजे राखणीच्या सुरक्षित जागेतून घेतलेली असावी लागते. यातली कोणती अट घारीला लागू पडते? तिला विवेकाची जबाबदारी दिलेलीच नाही. झोपलेला मनुष्य जागा होईपर्यंत, बालक वयात येईपर्यंत आणि बुद्धिभ्रष्ट शुद्धीवर येईपर्यंत त्यांच्या कर्मांची नोंद घेणारी लेखणी उचललेली असते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. मग ज्या जीवाच्या हाती ती वही कधी दिलीच गेली नाही, त्याच्याविषयी काय बोलावे? शिवाय घार लपून येत नाही. चाळीस माणसांच्या देखत, भर दुपारी, सूर्याच्या साक्षीने झेप घेते. आणि उघड्या वाळूवर, झाकण काढून ठेवलेल्या परातीला सुरक्षित जागा म्हणावयास कोणता फकीह तयार होईल?

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या एका हदीसचा आशय असा की मुक्या जनावराने केलेल्या इजेची भरपाई नाही. जनावराला मालक असेल आणि त्याने हयगय केली असेल, तर जाब त्या मालकाला विचारला जातो. हजरत बराअ इब्ने आजिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) दिलेला निवाडा अबू दाऊदच्या संग्रहात आहे : दिवसा बागेची राखण बागवानाने करावी, रात्री जनावरांची राखण त्यांच्या मालकाने करावी. रानपाखराला तर मालकच नाही, किंबहुना त्याचा मालक तोच, जो आपलाही मालक आहे. तेव्हा भर दिवसा परात सांभाळण्याची जबाबदारी कोणावर येते? परातीच्या मालकावर. म्हणजे माझ्यावर. झाकण घालावयास विसरलो तो मी, आणि जाब विचारला तो एका अनाथ मुलाला.

येथे जाणकार वाचक हरकत घेईल आणि ती योग्यच आहे. तो म्हणेल, हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये पाच जीवांना 'फासिक' म्हटले आहे आणि हरमच्या हद्दीतही त्यांना मारण्याची मुभा दिली आहे. कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा हे ते पाच जीव. मग घारीला आपण निर्दोष कसे म्हणावे?

याचे उत्तर त्या शब्दातच आहे. 'फिस्क' या धातूचा मूळ अर्थ बाहेर पडणे असा आहे. पिकलेला खजूर सालीबाहेर आला तरी अरब लोक हाच शब्द वापरीत. हे पाच जीव इतर प्राण्यांच्या सर्वसाधारण रीतीबाहेर जाऊन माणसाला उपद्रव देतात, म्हणून त्यांना हे नाव मिळाले, असे हदीसच्या भाष्यकारांनी स्पष्ट केले आहे. ही उपद्रवाची नोंद आहे, पापाची नव्हे. उपद्रवापासून बचाव करण्याची मुभा आहे, परंतु छळ करण्याची मुभा नाही. कुरैशच्या काही तरुणांनी एक पक्षी बांधून त्याच्यावर नेमबाजी चालविली होती. तेथून जाताना हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी त्यांना बजावले की सजीवाला निशाणा बनविणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. किनाऱ्यावर गलोल घेऊन घारीमागे धावणाऱ्या मुलाला हा प्रसंग सांगितला पाहिजे. आपल्या देशाचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही घारीला संरक्षण देतो, हेही त्याला सांगावे.

आणि कावळ्याला हिणविण्यापूर्वी आणखी एक गोष्ट आठवावी. आदमच्या (अलै.) पुत्राने आपल्या भावाचा वध केला आणि त्या देहाचे काय करावे हे त्याला सुचेना, तेव्हा अल्लाहने त्याला शिकविण्यासाठी एक कावळा पाठविला (कुरआन, ५:३१). ज्याला आपण चोर म्हणून हाकलतो, त्याच्याच जातीच्या पक्ष्याकडून माणसाने दफनाचा पहिला धडा घेतला. पृथ्वीवर चालणारा प्रत्येक जीव आणि दोन पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआन सांगतो (६:३८). त्यांचा नियम वेगळा, त्यांचा हिशेब वेगळा. आपला नियम त्यांच्यावर लादून त्यांना गुन्हेगार ठरविणे हा आपला अधिकार नाही.

आता माणसाची बाजू पाहू, आणि खरा प्रश्न येथेच आहे. घारीसाठी मी किती पुरावे, किती सबबी, किती ग्रंथ गोळा केले, ते आपण पाहिले. त्या मुलासाठी मी यातले काय शोधले? काहीच नाही. पाच तुकड्या कमी भरल्या आणि माझे मन सरळ त्याच्याकडे गेले. ते त्याच्याचकडे का गेले? तो जवळ होता म्हणून? जवळ तर तो नव्हताच, पाणी आणायला गेला होता. ते गेले, कारण तो गरीब होता. परिस्थितीने नाडलेल्या मुलाला भूक अनावर झाली असेल, असा तर्क मी केला आणि त्या तर्काला करुणेचे वस्त्र नेसविले. माझा आवाज मृदू होता, पण प्रश्नातच निकाल होता. अल्लाहचे नावही मी घेतले ते सत्य शोधण्यासाठी नव्हे, तर त्याच्याकडून कबुली काढण्यासाठी.

परतीच्या वाटेवर मला बुखारी शरीफमधील एक कथा आठवली. मदरशात असताना मी ती वाचली आहे, पुढे शिकविलीही आहे. हजरत आयशा (रजि.) सांगतात : अरबांच्या एका कबिल्याकडे एक काळी दासी होती. तिला मुक्त केले होते, तरी ती त्यांच्यातच राहत होती. त्या कबिल्यातील एक मुलगी लाल चामड्याचा पट्टा घालून बाहेर पडली. तो तिने काढून ठेवला किंवा तो गळून पडला. वरून जाणाऱ्या घारीला ते मांस वाटले आणि तिने झडप घालून तो उचलला. लोकांनी शोधाशोध केली. पट्टा सापडेना तेव्हा त्यांनी त्या दासीवर आळ घेतला आणि तिची अत्यंत लज्जास्पद झडती घेतली. ती त्यांच्यात तशी उभी असतानाच घार पुन्हा वरून गेली आणि पट्टा त्यांच्यामध्ये येऊन पडला. ती म्हणाली की ज्याचा आळ तुम्ही माझ्यावर घेतला ते हेच, आणि मी निर्दोष आहे. पुढे ती प्रेषितांच्या (स.) सेवेत आली, तिने इस्लाम स्वीकारला आणि मस्जिदीत तिच्यासाठी एक लहानसा तंबू असे. हजरत आयशांकडे (रजि.) ती येऊन बसे तेव्हा प्रत्येक वेळी त्या पट्ट्याच्या दिवसाची आठवण काढी.

ही हदीस इमाम बुखारींनी नमाजच्या प्रकरणात, स्त्रीने मस्जिदीत मुक्काम करण्याच्या संदर्भात घेतली आहे. आम्ही विद्यार्थीही ती तेवढ्यापुरतीच वाचीत असू. घारीला मांस वाटले, हा शब्द मी कितीदा वाचला असेन! पण त्या कथेत पक्ष्यावर कोणीच रागावत नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. घारीची चूक ही भुकेची चूक होती. लोकांची चूक ही समजुतीची होती : वस्तू हरवली की समाजातला सर्वांत दुबळा मनुष्य आधी उभा करावयाचा. तिच्या बाबतीत घारीने पट्टा परत आणून टाकला. आमच्या मुलासाठी दुसऱ्या घारी आल्या, हीही अल्लाहची कृपाच. पण त्या आल्या नसत्या तर? तो मुलगा आजही माझ्या मनात चोर राहिला असता, आणि चाळीस मुलांच्या मनातही. संशयापासून दूर राहा, काही संशय हे पापच असतात, हा आदेश (कुरआन, ४९:१२) घार पुरावा घेऊन येईपर्यंत थांबत नाही. आपल्या हातून घडलेला दोष निरपराध माणसाच्या माथी मारणाऱ्याने बदनामीचे आणि उघड पापाचे ओझे उचलले, असे कुरआनने म्हटले आहे (४:११२). झाकण न घालण्याचा दोष माझा होता.

आता गेलेल्या घासाचे काय? तो वाया गेला काय? येथे एक आश्चर्यकारक हदीस आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या वचनाचा आशय असा की एखादा मुसलमान रोप लावतो, तेव्हा त्यातून जे खाल्ले जाते ते त्याच्यासाठी सदका असते, जे चोरीला जाते ते सदका असते, श्वापदे खातात ते सदका असते आणि पक्षी खातात तेही सदका असते. चोरी आणि पक्षी, दोन्ही एकाच वचनात आले आहेत! परंतु प्रश्न पडतो : कर्मे नियतीवर अवलंबून असतात, हाही प्रेषितांचाच (स.) शब्द आहे. ज्याने आपला घास द्यावयाचे मनातही आणले नाही, उलट तो जाताना आरडाओरड केली, त्याला सवाब कसला?

इमाम इब्ने रजब हंबली (रह.) यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. अशा हदीसींचा उघड अर्थ असा दिसतो की पेरणाऱ्याने तसा हेतू धरला नसला तरी त्याला सवाब मिळतो, असे ते नोंदवितात. सवाबासाठी शुद्ध नियत हवीच, असे मानणाऱ्यांचे मतही ते देतात. माझ्या अल्पमतीला यातून एवढे समजते : रोप लावणाऱ्याने जगाला उपयोगी पडेल असे काहीतरी सुरू केलेले असते. त्याच्या श्रमाचे दार उघडे असते आणि त्या दारातून कोण काय नेतो याचा हिशेब अल्लाह त्याच्या बाजूने मांडतो. त्यात अल्लाहची उदारता आहे, आपल्या निष्काळजीपणाला दिलेले बक्षीस नव्हे. म्हणून घास गेल्यावर मनुष्याच्या हाती दोन गोष्टी उरतात. तो शिव्या देऊ शकतो, किंवा म्हणू शकतो की हे अल्लाह, ही रोजी तुझ्या या जीवाची होती, ती माझ्याकडून स्वीकार. घास तर दोन्ही वेळी गेलेलाच असतो. नियत मात्र अजून आपल्या हातात असते.

माशीने काही हिरावून नेले तर तेही यांना तिच्याकडून परत घेता येत नाही, असे कुरआनने खोट्या देवतांच्या दुबळेपणाविषयी म्हटले आहे (२२:७३). घारीकडे पाहत रिकामा हात चोळणाऱ्या मनुष्यालाही या आयतीने नम्र करावे. आपले म्हणून जे आपण धरून बसलो आहोत, ते किती सैल धरलेले आहे!

परंतु सदक्याच्या नावाने दुसरी चूकही होते. मुंबईहून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचमधून लोक कुरव पक्ष्यांना, ज्यांना आपण सीगल म्हणतो, गाठ्या आणि फरसाण उधळतात. मध्य आशियातल्या उंच पठारांवरून हिवाळ्यापुरते आलेले हे पाहुणे मासळीवर जगणारे आहेत. तेलात तळलेले खारट पीठ हा त्यांचा आहार नव्हे. जुन्या दिल्लीत सदका म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडवून घालण्याची प्रथा आपल्याच बांधवांत आहे, आणि अशा वस्त्यांजवळ घारींची घरटी दाट असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. यामागील भावना मी हलकी लेखीत नाही. प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत सवाब आहे, ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. त्याच दिल्लीतील वजिराबादमध्ये मोहम्मद सऊद आणि नदीम शहजाद हे भाऊ जखमी घारींवर वर्षानुवर्षे उपचार करीत आले आहेत, आणि त्यांच्या कामावर २०२२ साली निघालेला माहितीपट जगभर पाहिला गेला. ही खरी भलाई, कारण तिच्यात त्या पक्ष्याची गरज पाहिलेली आहे. पण किनाऱ्यावर आज आपण गंमत म्हणून तुकडा उडवितो, तेव्हा माणसाच्या हातात अन्न असते हा धडा आपण घारीला देतो. उद्या तीच घार दुसऱ्या कोणाच्या बालकाच्या हातावर उतरते आणि तिची नखे त्याच्या बोटांना लागतात. आपला सवाब आणि दुसऱ्याच्या मुलाची जखम, असा हा व्यवहार होतो. स्वतः इजा पोहोचवू नये आणि इजेच्या बदल्यात इजाही करू नये, हा तर शरीअतचा पायाभूत नियम आहे.

म्हणून सहलीला जाताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. भांडी झाकण्याची आणि झाकताना अल्लाहचे नाव घेण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) रात्रीसाठी दिली आहे. किनाऱ्यावर ती दिवसाही उपयोगी पडेल. घार बहुधा पाठीमागून येते, म्हणून मुलांना झाडाखाली, झाडाकडे पाठ करून जेवावयास बसवावे. काटे, हाडे, उरलेले अन्न वाळूत टाकू नये, पिशवीत भरून परत आणावे. पक्ष्यांना घालावयाचेच असेल, तर घराच्या अंगणात उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ठेवावे. आणि काही हरवलेच, तर आधी आकाशाकडे पाहावे, मग आपल्या हयगयीकडे, आणि दुसऱ्या मनुष्याकडे पुराव्याशिवाय पाहूच नये.

शेवटी त्या मुलाविषयी. सहलीनंतरच्या पहिल्याच दिवशी, ज्या मुलांसमोर त्याची पिशवी उघडली होती त्याच सर्वांसमोर, मी त्याची माफी मागितली. ज्या उस्तादांनी पिशवी उघडली त्यांनीही मागितली. एकांतात मागितलेली माफी पुरेशी नव्हती, कारण अपमान एकांतात झालेला नव्हता. संध्याकाळी त्याच्या आईच्या घरी गेलो. त्या माउलीने चहा केला आणि म्हणाल्या, "मौलाना, त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं." मला शिक्षा म्हणून ते वाक्य पुरेसे होते.

मुलाने माफ केले असे तोंडाने म्हटले आहे. मकतबला तो रोज येतो, सबक चोख देतो. यंदाच्या सहलीसाठी नावे घेत आहोत. त्याने अजून नाव दिलेले नाही. मी आग्रह केलेला नाही, करणारही नाही. तेवढा हक्क त्याचा आहे.

हे अल्लाह, भुकेल्या पोटी सकाळी निघणाऱ्या आणि भरल्या पोटी संध्याकाळी परतणाऱ्या पाखरांचा तू पालनकर्ता आहेस. आमच्या ताटातून त्यांनी नेलेले आमच्याकडून स्वीकार. आणि त्यांच्या निमित्ताने आम्ही ज्यांच्यावर आळ घेतला, त्यांच्या मनात आमच्यासाठी पुन्हा जागा कर. आमीन.